शैला दिघे चालून दाखवते

शैला दिघे कुणाच्याही घरी गेली की आधी दारातले चपला-बूट बघायची. माणसांकडे नंतर. जर्सी सिटीतल्या आमच्या घराच्या दाराशी एक लांबट रबरी ट्रे होता. हिवाळ्यात त्यात सगळ्यांचे बूट बर्फाचं पाणी गाळत पडलेले असत. पाहुणे आत चहा पीत बसले की ही बाहेर त्यांच्या बुटांत पाय घालून पोर्चवर फेऱ्या मारायची. एकदा तिनं मराठी मंडळाच्या अध्यक्षांचे, डॉक्टर कर्णिकांचे, बूट घातले. टाच आधी, पोट पुढे, हनुवटी वर. मी खिडकीतून बघत होते. बुटांच्या वर जेमतेम पाच फुटांची, मुलासारखे केस कापलेली एक पोरगी होती, पण मला दिसले ते डॉक्टर.

"माणूस खालून वर चढतो," ती म्हणायची. "तोंडापासून सुरू केलं तर नुसती नक्कल होते. पायापासून केलं की तो माणूसच येतो."

मी तेव्हा न्यूअर्कला शिकत होते आणि कमलकाकू आणि वसंतकाका सबनीसांच्या घरी वरची खोली घेऊन राहत होते. काका मॅनहॅटनमधल्या एका बँकेत मागच्या खोलीत हिशेब तपासायचे. काकू जवळच्या रस्त्यावर शहांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. शैला माझ्या खोलीत वाटेकरी म्हणून आली ती दोन सुटकेसी आणि एक हेअर ड्रायर घेऊन, आणि आल्या आल्या तिनं तो ड्रायर व्होल्टेज वाढवायच्या कन्व्हर्टरला लावून घराचा फ्यूज उडवला. काका अंधारात जिना चढून आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "सॉरी काका, आमच्याकडे करंट जास्त स्ट्राँग असतो."

'आमच्याकडे' म्हणजे इंग्लंडमध्ये. ती जन्मानं ब्रिटिश, लेस्टरची. वडील सांगलीहून बी.कॉम. होऊन गेले आणि तिथं बस चालवू लागले. आई होजिअरीच्या कारखान्यात मोज्यांची तोंडं शिवायची. हे ती लपवत नसे. मंडळातल्या बायका गोड आवाजात विचारायच्या, "बाबा काय करतात तुझे?" ही मुद्दाम मोठ्यानं सांगायची, "बस चालवतात. डबल डेकर." मग समोरच्या बाईचा चेहरा कसा हळूहळू बंद होतो ते ती नीट बघून घ्यायची आणि खोलीत आल्यावर तो बंद होणारा चेहरा मला करून दाखवायची. तिचं मराठी आईवडिलांनी पेटीत घालून नेलेलं होतं. एकाच वाक्यात 'फर्मास' आणि 'ब्लडी' म्हणणारी दुसरी व्यक्ती मला अजून भेटलेली नाही.

स्वतःच्या लहानपणाबद्दल ती फारसं बोलत नसे. जे बोलायची ते विनोद म्हणून सांगायची, आणि ऐकून झाल्यावर आपण कशाला हसलो असा प्रश्न पडायचा.

शाळेत दर नाताळला येशूच्या जन्माचं नाटक असायचं आणि दर नाताळला तिला पूर्वेकडून आलेला राजा करायचे. हातात डबा, डोक्याला टॉवेल, संवाद नाही. एका वर्षी तिनं धीर करून बाईंना विचारलं, मी मेरी होऊ का? बाई अतिशय प्रेमानं म्हणाल्या, "पण डार्लिंग, येशूची आई तशी दिसत नव्हती ना."

"बाईंच्या मते ती लेस्टरची असणार," शैला म्हणाली. "आमच्या पलीकडच्या गल्लीतली."

दुसरी गोष्ट तिनं केस विंचरताना सांगितली. शाळेत सायकली ठेवायच्या शेडमागे पोरींनी तिला गाठलं. तेव्हा तिला दोन लांब वेण्या होत्या. एकीनं वेणी धरली, दुसरीनं शिवणाच्या वर्गातली कात्री आणलेली. पहिली वेणी गेली. दुसरी धरली तेव्हा शैलाच्या तोंडून, तिलाही कळायच्या आत, हेडमिस्ट्रेसचा आवाज निघाला. खांदे वर गेले, मान आत गेली, पाय फाकले. कात्रीवाली पोरगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"एक वेणी वाचली," शैला म्हणाली. "तेव्हा समजलं. हसवलं की मारत नाहीत."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी परत मागितलं. रोज नवीन माणूस द्यावा लागायचा. सगळे टीचर्स झाले. दूधवाला झाला. मग एक दिवस कुणी उरलंच नाही, तेव्हा मी आई दिली. साडीवर रेनकोट, मोज्यांवर सँडल, ती कशी यायची तशी."

"आणि तुझ्या आईला कळलं?"

"आई गेटवर उभी होती. तिला वाटलं, मला मैत्रिणी मिळाल्या."

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत होते. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा युनियनची पत्रकं जास्त. दुबळ्याला दुबळ्याच्या अंगावर कसं सोडतात हे मी अक्षरओळख झाली तेव्हापासून वाचत आले होते. पण एवढ्या चार वाक्यांत ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारी तर आरशात बघत केसांना क्लिप लावत होती.

लंडनला ती सरकारी शिष्यवृत्तीवर नाट्यशाळेत शिकली. तिथं तिच्या एजंटनं 'दिघे' मोडून 'डे' केलं, कारण दिघे फार भारतीय वाटतं. शायला डे या नावानं तिनं तिकडच्या टीव्हीवर ट्रे घेऊन येणारी नर्स केली, लग्नातून पळणारी नवरी केली, आणि पोलिसांच्या एका मालिकेत प्रेत केलं. प्रेताची भूमिका सर्वांत मोठी, कारण पुढच्या भागांतही तिचा फोटो दाखवत होते. मग एका छोट्या नाटक कंपनीबरोबर ती न्यूयॉर्कला आली. नाटक आठवडाभरात कोसळलं, कंपनी परत गेली, ही राहिली. इथल्या एजंटला 'डे' पुरेसं भारतीय वाटेना. त्यानं तिला शैला देवी केलं.

राहायचं तर तिला एखाद्या मालिकेतली कायमची भूमिका हवी होती. तसा करार हातात आला तर कागद होणार होते. नाहीतर वसंत ऋतू संपायच्या आत परत, आणि परत म्हणजे होजिअरीचा कारखाना. आईनं तिथल्या सुपरवायझरशी बोलून ठेवलं होतं. खिडकीजवळची खुर्ची मिळणार होती. आई फोनवर दर रविवारी त्या खुर्चीची आठवण करून द्यायची, कारण खिडकीजवळ जागा मिळणं ही तिथं फार मोठी गोष्ट.

"कॉम्रेड," शैला मला म्हणायची, "मी त्या चेअरवर एकदा बसले ना, की रिटायर होऊनच उठेन." ती विनोद करत नसे तेव्हा तिचा चेहरा अगदी रिकामा दिसायचा. जणू घरातली सगळी माणसं बाहेर गेली आहेत.

तिच्यावर पहिला विश्वास ठेवला तो कमलकाकूंनी. काकू मूळच्या अकोल्याच्या. अंगानं भारी, आवाजानं बारीक. हसायच्या ते आवाज न करता, पदर तोंडाला लावून, नुसते खांदे हलायचे. शैला ऑडिशनहून रिकाम्या हातानं आली की त्या काही विचारायच्या नाहीत. तव्यावर थालीपीठ पडल्याचा आवाज यायचा. शैला त्यांना लेस्टरच्या पद्धतीनं 'डक' म्हणायची. तिकडे लाडानं सगळ्यांनाच तसं म्हणतात म्हणे. काकूंना ते फार आवडायचं. "आमच्या आईनंसुद्धा कधी लाडाचं नाव ठेवलं नाही गं," त्या म्हणायच्या.

गणपतीत मंडळानं एक फार्स बसवला. दिग्दर्शक आणि नायक डॉक्टर कर्णिक. शैलाचं मराठी शुद्ध नाही म्हणून तिला मोलकरीण दिली. डॉक्टर तालमीत म्हणाले, "तू प्रोफेशनल आहेस हे ठीक आहे, पण आमचं ऑडियन्स वेगळं असतं बरं का."

शैलानं मान हलवली. प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या त्या हॉलमध्ये मोलकरीण हातात झाडू घेऊन आली ती सौ. कर्णिक होऊन. दोन बोटांनी पदर धरणं, समोरच्याला खालपासून वर मोजणं, बोलणं संपलं की ओठ पुसल्यासारखे मिटून घेणं. सगळा हॉल कोसळला. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. काकूंचे खांदे तर थांबेनात. आणि सौ. कर्णिक पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत शेजारणीला सांगत होत्या, "कसल्या असतात ना या बायका! आमच्या पार्ल्याची मोलकरीण अगदी अशीच होती."

स्वतःचं चालणं स्वतःला ओळखू येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. तेव्हा ते मला न्यायाचं वाटलं.

त्याच शरद ऋतूत आमच्या भागात पोरांनी भारतीयांना त्रास द्यायला सुरुवात केली. आधी शिव्या, मग अंडी, मग दगड, मग हात. एका संध्याकाळी काकू दुकानातून घरी येत होत्या. मागून धावत आलेल्या पोरांनी त्यांना विटांच्या भिंतीवर ढकललं, खांदा ठेचला. पिशवी फुटली, तुरीची डाळ फुटपाथभर पसरली. एकानं त्यांच्या कपाळावर अंगठा ठेवून कुंकू पुसून काढलं. सावकाश, काच पुसावी तसं. बाकीचे हसत होते. हे काकूंनी आम्हाला सांगितलं ते डाळ वाया गेली याच्या ओघात.

मी पत्रक लिहिलं. आपण गप्प राहिलो तर उद्या दुसरीला ढकलतील, परवा कुणाला तरी मारून टाकतील, एवढंच त्यात होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात मी ते वाटायला लागले, तशी डॉक्टर कर्णिकांनी माझ्या हातातला गठ्ठा हसत हसत काढून घेतला.

"आली आमची पत्रकवाली! अगं, सणाच्या दिवशी हे कशाला? आपण या देशात पाहुणे आहोत."

"पाहुण्याला भिंतीवर ढकलतात का, डॉक्टर?"

"तो भागच तसा आहे. मी वसंतरावांना केव्हापासून सांगतोय, मूव्ह व्हा म्हणून." आणि ते फराळाच्या टेबलाकडे वळले. माझी पत्रकं नंतर मला चकल्यांच्या तेलकट ट्रेखाली अंथरलेली सापडली.

काकूंचा खांदा बरा झाला. चालणं झालं नाही. त्या भिंतीला धरून चालू लागल्या. डावा हात विटांवरून घासत, पिशवी छातीशी, अंग तिरकं, जणू फुटपाथ कुणा दुसऱ्याचा आहे आणि आपल्याला त्याची कड तेवढी वापरायची परवानगी आहे. थोडं गेलं की मागे बघायच्या. पुन्हा थोडं, पुन्हा मागे. दरवाजा आला, भिंत संपली, की थांबायच्या, आणि ती मोकळी जागा जवळजवळ पळत ओलांडायच्या.

शैला त्यांना रोज सकाळी दुकानापर्यंत सोडायला जाऊ लागली. मंडळात कौतुक झालं. पोटची मुलगीसुद्धा करणार नाही, असं सौ. कर्णिकही म्हणाल्या. मी एकदा दोघींबरोबर गेले, तेव्हा शैला काकूंच्या बरोबरीनं चालत नव्हती. चार हात मागे होती.

"अशी मागे का?" मी विचारलं.

"मागून कोण येतं ते दिसतं ना," ती म्हणाली.

ते खरंही होतं. एकदा एक पोरगा मागून सायकलवर जवळ आला तर हिनं त्याला लेस्टरच्या रस्त्यावरचं असं काही ऐकवलं की तो रस्ता ओलांडून गेला. ती काकूंसाठी मार खायला तयार होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आणि त्याच वेळी तिचे डोळे काकूंच्या टाचांवर होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी. मला हे पत्रकात कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

थंडीच्या ऐन मध्यात एका विनोदी मालिकेची ऑडिशन आली. न्यूयॉर्कमधली एक इमारत, तिथले रहिवासी, आणि त्यात सगळ्यांवर संशय घेणारी एक भारतीय शेजारीण. शैलानं पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या आवाजात वाचलं. ऑडिशन घेणारे म्हणाले, मोअर इंडियन. तिनं नाट्यशाळेत शिकवलेला भारतीय उच्चार लावला. ते म्हणाले, छान, पण अजून काहीतरी. खोलीत तिच्यासारख्या आणखी मुली थांबलेल्या होत्या. वसंत ऋतू जवळ आला होता.

"मग मी म्हटलं, मी जरा चालून दाखवू का?" तिनं घरी आल्यावर आम्हाला सांगितलं. "आणि त्यांनी दिलं, काकू! मला दिलं!"

काकूंनी देवापुढे साखर ठेवली. तिनं काय चालून दाखवलं हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. चित्रीकरण कॅलिफोर्नियात होतं. जाताना शैला काकूंच्या गळ्यात पडून इतकी रडली की काकाही खोलीतून बाहेर आले.

मालिकेचा तिचा पहिला भाग लागला त्या संध्याकाळी डॉक्टर कर्णिकांनी त्यांच्या उपनगरातल्या घरी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा टीव्ही कपाटाएवढा. बस ड्रायव्हरची मुलगी एका दिवसात 'आपली शैला' झाली होती. प्रत्येकीनं काहीतरी करून आणलं होतं, मधे श्रीखंडाचं पातेलं होतं. काकूंना पहिल्या रांगेत, मऊ खुर्चीत बसवलं. "तुम्ही तिची इथली आई," डॉक्टर म्हणाले. काकूंनी ठेवणीतलं लुगडं म्हणावं तशी जरीची साडी नेसली होती आणि त्या सारख्या पदर सारखा करत होत्या.

पडद्यावर इमारतीचा कॉरिडॉर होता. दार उघडलं आणि आमची शैला बाहेर आली. साडीवर रेनकोट, छातीशी पिशवी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती चालली.

डावा हात भिंतीवरून घासत. अंग तिरकं. थोडं पुढे, मग मागे बघायचं आणि दात दाखवून हसायचं. पुन्हा थोडं पुढे. एक दरवाजा आला, भिंत संपली, ती थांबली, आणि ती मोकळी जागा तुरूतुरू पळत ओलांडून पलीकडच्या भिंतीला चिकटली. टीव्हीतले न दिसणारे लोक हसून हसून फुटत होते. तिनं पुन्हा मागे पाहिलं आणि बोट नाचवत म्हणाली, "आय ॲम लुकिंग, मिस्टर!" हे वाक्य लेखकांनी घातलेलं. त्यावर तर हसणं थांबेचना.

कर्णिकांचा दिवाणखानाही हसत होता. आणि काकू हसत होत्या. पदर तोंडाला, खांदे गदगदत. सगळ्यांत जास्त त्याच हसत होत्या, कारण आपल्या मुलीचं काम लोकांना आवडतंय.

कर्णिकांची दहा-अकरा वर्षांची प्रिया कार्पेटवर बसली होती. ती वळली आणि आनंदानं ओरडली, "काकू, दॅट्स यू! शी इज डुइंग यू!"

"गप गं," कुणीतरी म्हणालं, पण हसतच. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, "अरे हो रे, अगदी कमलताई!" आणि मग सगळ्यांना दिसलं. काय झकास उचललंय यार. हात बघ, हात. डॉक्टर कर्णिक डोळे पुसत म्हणाले, "कमलताई, तुम्ही रॉयल्टी मागा!"

काकूंच्या तोंडावरचा पदर तसाच राहिला. खांदे थांबले होते. त्यांनी पडद्यावर शैलाला आणखी एकदा कॉरिडॉर ओलांडताना पाहिलं. मग त्या काकांना हळूच म्हणाल्या, "मी अशी दिसते?"

 काका ताटातल्या श्रीखंडाकडे बघत होते.

त्या खोलीत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, त्यांच्या शिकलेल्या बायका होत्या. काकू असं का चालतात हे त्यांतल्या एकूण एक माणसाला माहीत होतं. तरी हसले. मला त्या पोरांचा राग येतो, पण त्यांना निदान काकूंचं नावही माहीत नव्हतं. यांना नाव माहीत होतं, गाव माहीत होतं, यांनी काकूंच्या हातची पुरणपोळी खाल्ली होती. आणि या सगळ्यांना शैलानं एका भागात मोकळं करून टाकलं. आता ते चालणं म्हणजे कुणावर झालेला वार नव्हता. टीव्हीवरची गंमत होती.

मी त्याच आठवड्यात तिला फोनवर गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले.

ती शांतपणे ऐकून म्हणाली, "कॉम्रेड, तू तिथं पत्रकं वाटलीस. कोणी वाचलं? मी काय केलं बघ. पूर्ण देश तिला बघतोय. आणि लव्ह करतोय."

"तिला नाही. तिच्या भीतीला हसतोय."

"हसवलं की मारत नाहीत."

"तुला मारत नाहीत, शैला. वेणी तुझी वाचते. शेडमागे दर वेळी तू कुणाला तरी दुसऱ्याला देऊन येतेस."

 मग ती म्हणाली, "मी ती चेअर घ्यायला हवी होती का?" हा प्रश्न होता की टोमणा, मला कळलं नाही, आणि मी उत्तर द्यायच्या आत तिकडून कुणीतरी तिला सेटवर हाक मारली.

पुढे काय झालं ते सांगायला फार लागत नाही. मालिका गाजली. आमच्या रस्त्यावरच्या पोरांना नवा खेळ मिळाला. साडीतली कुठलीही बाई दिसली की तिच्या मागे भिंतीला हात घासत, पिशवी छातीशी धरल्यासारखं करत रांग लागायची आणि एकसाथ ओरडायची, "आय ॲम लुकिंग, मिस्टर!" काकूंच्या मागे तर रोज. त्या मागे बघायच्या तेव्हा पोरं जास्त खूश व्हायची, कारण टीव्हीवरची बाई खरोखरच मागे बघत होती. पोरांनी काकूंना हात लावला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. काकूंनी दुकानातली नोकरी सोडली. गुडघे दुखतात, असं काहीतरी कारण शहांना सांगितलं. मग त्या पायी बाहेर पडेनाशाच झाल्या. रविवारी काका त्यांना गाडीतून देवळात नेत, घराच्या दारापासून देवळाच्या दारापर्यंत.

पुढच्या नाताळात शैला आली. न्यूयॉर्कला कसल्या तरी मुलाखतीसाठी आली होती. मध्ये अर्धा दिवस काढून जर्सी सिटीला आली. केस वाढवलेले, कागद झालेले, चांगला लांब कोट. काकूंसाठी तसाच एक कोट खोक्यात घालून आणलेला. बाहेर घालायचा कोट. काकूंनी तो हातात घेऊन अस्तर चाचपलं, "किती गं ऊबदार," म्हणाल्या आणि घडी घालून ठेवला. काका वरून खाली आले नाहीत.

काकूंनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं. वरणभात, बटाट्याची भाजी, वर तूप. शैला दोन दिवसांची उपाशी असल्यासारखी जेवली. मी दाराशी उभी होते, कारण मला तिच्याबरोबर बसायचं नव्हतं.

"काकू, रागावलात?" तिनं ताटाकडे बघत विचारलं.

"रागवायचं काय त्यात. तुझं काम आहे ते." काकूंनी तिला भात वाढला. "आई बरी आहे ना? कारखाना?"

"ती सगळ्यांना सांगते, माझी मुलगी टीव्हीवर आहे म्हणून."

"सांगणारच की."

 मग काकू ओट्याकडे तोंड करून, पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक सांगू? तू मागे बघतेस ना, तेव्हा हसतेस. मी हसत नाही गं तेव्हा."

शैलाचा हात ताटावर थांबला. तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरलं, तो रिकामा चेहरा मागे राहिला, आणि मला वाटलं, आता ही रडेल. आता ही काकूंच्या पाया पडेल. मला ते बघायचं होतं. त्यासाठी मी दाराशी उभी होते.

"खरंच की," ती हळू आवाजात म्हणाली. "ओ गॉड, काकू. यू आर राइट. ते हसणं खोटंच आहे." ती पुढे वाकली. डोळे चमकत होते, पण पाण्यानं नाही. "मग काय करता? तोंड मिटलेलं असतं का? एकदा दाखवा ना."

काकू वळल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कुणी आजारी माणसाकडे पाहावं तसं. मग विचारलं, "ताक घेतेस?"

तिनं ताक घेतलं. निघताना काकूंना मिठी मारली, 'डक' म्हणाली, मला म्हणाली, "टेक केअर, कॉम्रेड." टॅक्सी कोपऱ्यावर थांबली होती, कारण आमच्या दारासमोर बर्फाचा ढीग होता. मी पुढच्या खोलीतल्या खिडकीशी उभी राहून तिला जाताना पाहत होते. फुटपाथवरचा बर्फ तुडवून गुळगुळीत झाला होता आणि ती शेजारच्या घराच्या भिंतीच्या कडेनं चालली होती.

थोडं गेल्यावर ती थांबली आणि वळून तिनं घराकडे पाहिलं. ओठ मिटलेले, डोळे मोठे. इतकी घाबरलेली, इतकी एकटी मी तिला कधी पाहिली नव्हती. माझा सगळा राग एकदम ओसरला. मला वाटलं, शेवटी हिला कळलं. मी काचेवर हात उचलला.

तिनं हात केला नाही. ती पुढे वळली, थोडं चालली, आणि पुन्हा मागे पाहिलं. अगदी तोच चेहरा. मग पुन्हा चालली आणि पुन्हा पाहिलं.

काकू ओले हात पुसत केव्हा माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या. "ती आपल्याकडे नाही बघत."